तुम्ही विचारलेत म्हणून: रोज मोजूनही प्रवाळ का गेले?

प्रश्नाचे शब्द बदलतात, रोख तोच असतो: "तुम्ही रोज पाणी तपासत होतात, पाणी काचेसारखे नितळ होते, तरी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सहा वर्षे वाढवलेली अ‍ॅक्रोपोरा (फांद्या फुटणारे दगडी प्रवाळ) दोन दिवसांत गेली, मग एवढे मोजून मिळवलेत काय?" आजवर मी "प्रवाळांचे असेच असते" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर खरे नव्हते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

नितळपणाचा मुद्दा आधी निकालात काढते. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचे माप, 6 डीकेएच (तिचे एकक) असो वा 11, डोळ्यांना पाणी सारखेच दिसते. दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेट यांपासून रचते आणि दोन्ही पाण्यातूनच उचलते; समुद्राला त्याची उणीव जाणवत नाही, पण प्रवाळांनी भरलेल्या 300 लिटरच्या टाकीत एका दिवसात 1 ते 2 डीकेएच सहज खर्च होतात. "आमच्या ओळखीचे काहीच मोजत नाहीत, तरी त्यांची टाकी छान आहे" हेही मला ऐकवले जाते. असेल छान. त्या टाकीत बहुधा मऊ प्रवाळे असतात, त्यांना दगडी सांगाडा उभारायचा नसतो आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलले की त्यांचे भागते. अ‍ॅक्रोपोरा न मोजता सांभाळता आली नसती, आणि या बाबतीत मी आजही माघार घेणार नाही.

आता त्या रात्रीविषयी.

तीन आठवडे बाहेर राहून मी परतले होते. निघतानाची अल्कलिनिटीची नोंद 8.4 होती. सामान तसेच दारात ठेवून मी टाकीपाशी बसले, पाच मिलिलिटर पाणी कुपीत घेतले, रंगाचे थेंब टाकले आणि सिरिंजमधून किटमधले आम्लाचे द्रावण सोडू लागले; रंग बदलेपर्यंत जेवढे आम्ल लागते त्यावरून आकडा ठरतो. निळे पाणी फारच लवकर पिवळे झाले. आकडा आला 5.9. पुन्हा केले, पुन्हा 5.9. रोज थोडे थोडे सोड्याचे द्रावण टाकीत सोडणाऱ्या डोसिंग पंपाची नळी तुंबली असणार आणि प्रवाळे कित्येक दिवस उपाशी असणार, असे मी धरून चालले. 300 लिटर पाण्याची अल्कलिनिटी 1 डीकेएच वाढवायला सुमारे 9 ग्रॅम खायचा सोडा लागतो. मला अडीच वाढवायची होती, म्हणून साडेबावीस ग्रॅम सोडा आर.ओ. (क्षार गाळून काढलेल्या) पाण्यात विरघळवून मी रात्री दोन वेळा मिळून टाकीत ओतला. एका दिवसात 1 डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये, हे मला तेव्हाही पाठ होते. नव्याने टाकी लावणाऱ्यांना ते मीच बजावत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅक्रोपोराच्या बुंध्यापाशी बोटभर रुंद पांढरा पट्टा दिसला. त्याच्या कडेची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटली होती आणि पंपाच्या प्रवाहात तिची लक्तरे हलत होती. घाईघाईने दुसरा टेस्ट किट मिळवला. त्यावर आकडा आला 10.8. म्हणजे 5.9 कधी झालेच नव्हते. मी परतले तेव्हाही पाणी 8.4 च्या आसपासच होते. जुन्या किटच्या बाटलीचे झाकण मी निघताना नीट लावले नव्हते, बाटली दिव्याशेजारच्या फळीवर राहिली होती, आणि तीन आठवड्यांत द्रावणातले पाणी उडून आम्ल दाट झाले होते. दाट आम्ल कमी लागते, कमी लागले की आकडा खोटा खाली येतो, आणि त्याच किटने दहा वेळा मोजले तरी तोच खोटा आकडा येत राहतो.

मला सर्वांत जास्त टोचते ते वेगळेच. पंप ज्यातून द्रावण ओढतो त्या सोड्याच्या कॅनवर मी निघताना पेनाने खूण केली होती. त्या रात्री कॅन मी हातात घेतला होता आणि पातळी तीन आठवड्यांत जेवढी उतरायला हवी तेवढीच उतरलेली मी पाहिली होती. पंप चालू होता, हे तो कॅन मला सांगत होता, पण मी कुपीतला रंग खरा मानला. कॅल्शियमही तपासले होते, ते 425 पीपीएम (दशलक्षात भाग) होते. मात्र त्याची साक्ष उपयोगाची नव्हती, कारण 2.5 डीकेएच खर्च होतात तेव्हा कॅल्शियम जेमतेम 18 पीपीएम उतरते आणि घरगुती किटमध्ये तेवढा फरक चुकीतही येऊ शकतो.

संध्याकाळपर्यंत मी अजून रंग असलेली सात टोके कापून वेगवेगळ्या दगडांवर चिकटवली. त्यांतली दोन जगली. पुढे त्यांतलेही एक गेले.

सोड्यानेच ती मेली का? वर्षभर मी होच म्हणत होते. नंतर जुन्या नोंदी काढल्या तेव्हा दिसले की त्याआधीचे चार महिने नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य होते, आणि तो शून्य मी अभिमानाने लिहिला होता. त्या वेळच्या मला वाटे की पाणी जितके निर्लेप तितके प्रवाळ सुखी. मी फॉस्फेट शोषणारी भुकटी बदलत राहिले, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) जोरात चालवला आणि माशांचे खाणे तोडले. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालालाही नत्र आणि स्फुरद लागतात, हे मला माहीत होते, पण शून्याचा मोह सुटला नाही. अशा उपाशी प्रवाळाला अल्कलिनिटीची उडी सोसत नाही, असे अनेक जाणकार मानतात. पोषण पुरेसे असते तर 10.8 चा धक्का तिने पचवला असता का, हे मला कधीच कळणार नाही. तीच अ‍ॅक्रोपोरा घेऊन पुन्हा तपासता येत नाही.

त्यानंतर मी नियम केला: एका किटच्या भरवशावर त्याच दिवशी काहीही दुरुस्त करायचे नाही. तुम्हांला हा नियम शहाणपणाचा वाटेल, मलाही वाटला होता. मग एकदा रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, खारेपणा 35 ऐवजी 31 दिसला. उपकरणच बिघडले असेल, म्हणून नियमाप्रमाणे मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली. उपकरण बरोबर होते. उडून गेलेल्या पाण्याची भर घालणारा व्हॉल्व्ह अडकून टाकीत रात्रंदिवस गोडे पाणी शिरत होते, आणि सकाळी क्लीनर झिंगा दगडाखाली मेलेला सापडला. त्या वेळी घाई करायला हवी होती.

म्हणून "आता तरी कळले ना कसे करायचे?" या प्रश्नाला माझ्याकडे हो किंवा नाही नाही. आज सकाळी अल्कलिनिटी एका किटवर 7.4 आली, दुसऱ्यावर 7.9. दोन्ही बाटल्यांची झाकणे मी दोनदा पाहिली, कॅनवरची खूण पाहिली, ती बरोबर आहे. उरलेल्या टोकाची आता मूठभर फांदी झाली आहे आणि तिची टोके आज फिकट निळी दिसत आहेत, म्हणजे ती वाढते आहे. अजून काही ओतलेले नाही. संध्याकाळी पुन्हा मोजेन.