तुम्ही विचारलंत म्हणून : खिशावरचा हात काढा

"दक्षिण आफ्रिकेची तिकिटं काढलीत, पण जो तो घाबरवतोय. जावं का? आणि गेलो तर काय काळजी घ्यायची?" दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांआधी हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मंडळी बहुतेक मुंबई-ठाण्याची, आणि प्रश्नाला एक शेपूट जोडलेलं असतं : "तसं आम्ही रोज लोकलने जातो म्हणा, आम्हाला सवय आहे."

जरूर जा. काळजी वाटते ती त्या शेपटाची. मुंबईत अंगात मुरलेल्या सवयी तिथे कामाला येत नाहीत, आणि एक-दोन तर जिवावर बेततील अशा आहेत.

आधी भीतीचं माप घेऊ. २०२२ साली भारतात सुमारे साडेअठ्ठावीस हजार खुनांची नोंद झाली. दक्षिण आफ्रिकेत २०२२-२३ या वर्षात जवळपास साडेसत्तावीस हजार. आकडे शेजारी-शेजारी आहेत, पण आपण १४० कोटी आणि ते साधारण ६ कोटी. हे खून मुख्यतः ठरावीक वस्त्यांत होतात आणि मरतात ती तिथलीच गरीब माणसं. पर्यटक त्या वस्त्यांत सहसा जात नाही. पण देशात बेकायदा बंदुका भरपूर आहेत, आणि लुटायला येणाऱ्याकडेही बंदूक असू शकते. सगळा फरक इथून सुरू होतो.

मुंबईतला चोर आपल्या नकळत चोरतो. पाकीटमाराचं कसब म्हणजे त्याचा स्पर्श कळू न देणं. रुळांलगत उभा राहणारा फटका गँगवाला हातावर काठी मारतो, मोबाइल पाडतो आणि पळतो. म्हणून आपण बॅग पोटाशी धरतो, खिशावर हात ठेवतो, आणि कळलंच तर "चोर, चोर" ओरडतो. चार माणसं धावतात. इथे गर्दी आपल्या बाजूची असते. तिथे लुटणारा समोरून येतो, बहुधा दोघे-तिघे असतात, आणि त्यांना अर्ध्या मिनिटात काम उरकायचं असतं. अशा वेळी बॅग घट्ट धरणं, ओरडणं, मागे धावणं म्हणजे घाबरलेल्या सशस्त्र माणसाला आणखी घाबरवणं. तेव्हा पहिली गोष्ट, खिशावरचा हात काढायला शिका.

ते घरी बसून एकदा ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, पंजे उघडे. तोंडाकडे टक लावून बघायचं नाही. खिशात झटकन हात घालायचा नाही, तुम्ही हत्यार काढताय असं त्याला वाटू शकतं. "फोन, लेफ्ट पॉकेट" असं हळू आवाजात सांगायचं आणि त्यालाच घेऊ द्यायचं, किंवा विचारून सावकाश काढून द्यायचं. बायकोला, मुलांना निघायच्या आधीच सांगून ठेवा की कुणीही मध्ये पडायचं नाही. लुटणारे गेले की उलट दिशेला, उजेडाकडे चालू लागायचं.

द्यायचं म्हणजे द्यायला काहीतरी हवं. रिकाम्या खिशाने हिंडू नका, तसा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. एक जुनं पाकीट घ्या, त्यात दोनशे-तीनशे रँड (तिथलं चलन) आणि मुदत संपलेलं एखादं कार्ड ठेवा. हे द्यायचं पाकीट. खरं कार्ड आतल्या खिशात एकच, दुसरं खोलीतल्या तिजोरीत पासपोर्टबरोबर. अंगावर पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची रंगीत झेरॉक्स पुरे. सोनं घरच्या लॉकरमध्ये. मंगळसूत्राबद्दल बोलताना अवघड वाटतं, पण बोलतोच : साधी काळ्या मण्यांची खोटी पोत घाला. गळ्यातून ओढलेली साखळी गळाही कापते. अंगठी बोटात रुतून बसली असेल तर ती निघण्याआधी इथेच सैल करून घ्या किंवा काढून ठेवा.

आता शतपावली. आपल्या लोकांना जेवण झालं की पाय मोकळे करायचे असतात, आणि सहलीच्या सगळ्या आखणीत मला सर्वांत धोक्याची वाटते ती ही वीस मिनिटं. दिवसभर गाइड बरोबर असतो, बस दारात सोडते, मग रात्री नऊला चौघं जण "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो" म्हणून बाहेर पडतात. जोहान्सबर्गमध्ये संध्याकाळी सहा-सातनंतर फुटपाथवर आपल्याकडच्यासारखी माणसं नसतात. कुंपणाच्या उंच भिंती, त्यावर विजेच्या तारा, आणि मधला रस्ता रिकामा. रिकामा रस्ता आपल्याला शांत वाटतो, तिथला माणूस तो टाळतो. दोनशे मीटरसाठीही गाडी बोलवा. चालायचंच असेल तर हॉटेलच्या आवारात, मॉलमध्ये, किंवा केपटाऊनच्या व्ही अँड ए वॉटरफ्रंटसारख्या पहारा असलेल्या भागात.

विमानतळावरून निघतानाच सावध राहा. जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावरून लोकांचा पाठलाग होऊन हॉटेलच्या दारात लूट झाल्याचे प्रकार घडलेत. हेरलं जातं ते आगमन कक्षात, मोठी रक्कम बदलून नोटा मोजताना. तिथे फार तर टॅक्सीपुरते पैसे बदला. दिवसा उतरत असाल तर गौट्रेन ही जलद रेल्वे उत्तम, शहरातल्या सँड्टन भागात साधारण पंधरा मिनिटांत नेते, पण रात्री उशिरा ती बंद असते. अ‍ॅपवरची टॅक्सी घेतली तर नंबरप्लेट जुळवा आणि "मी कोण?" हे ड्रायव्हरला सांगू द्या, तुम्ही आधी नाव सांगू नका. सामानातून वस्तू गायब होण्याचेही प्रकार होतात. औषधं, कॅमेरा, चार्जर हातातल्या बॅगेतच.

भाड्याची गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. तिथेही डावीकडूनच चालवतात, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. सिग्नलला ते 'रोबोट' म्हणतात, आणि काच फोडून बॅग उचलण्याचा उद्योग त्या रोबोटवरच चालतो. लुटारूकडे बहुतेक वेळा स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीचा तुकडा असतो. तो फेकला की काच तडकते, आवाजही फारसा होत नाही, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत सीटवरची पर्स गेलेली असते. सीटवर काही नसेल तर काच फोडण्यात त्याला रस नाही. म्हणून बॅग डिकीत, आणि तीही निघायच्या जागी ठेवा. पोचल्यावर सगळ्यांसमोर डिकी उघडून ठेवलीत तर आत काय आहे ते तुम्हीच दाखवलंत. थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडा, म्हणजे रिव्हर्स न घेता बाहेर पडता येतं. रात्री लांबून लाल दिसला की वेग कमी करा, पोचेपर्यंत हिरवा होऊ द्या. रस्त्यात दगड, फांदी, खिळ्यांची पट्टी दिसली किंवा टायर बसला तरी तिथे उतरू नका, हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत न्या. निळा दिवा लावलेली, पण पोलिसांच्या खुणा नसलेली गाडी थांबायला सांगत असेल तर हॅझर्ड लाइट लावा, वेग कमी करा आणि वर्दळीच्या पंपाकडे किंवा पोलीस ठाण्याकडे चला. खोटे पोलीस हा तिथला जुना प्रकार आहे.

पार्किंगमध्ये रिमोट दाबल्यावर दाराचा खटका हाताने ओढून बघा. जॅमर लावून रिमोटचा सिग्नल अडवतात, आपल्याला वाटतं लॉक झालं. आणि गाडीच मागितली तर द्या : इंजिन बंद करू नका, उजवा हात वर दिसता ठेवून डाव्या हाताने पट्टा सोडा, उतरा, बाजूला व्हा. मागे मूल असेल तर सर्वांत आधी ते सांगा.

एटीएमची एक लबाडी जवळून बघण्यासारखी आहे. केपटाऊनच्या लाँग स्ट्रीटवर, चमकत्या जाकिटातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस अडवतो. "पुढे कार्यक्रम आहे, रस्ता बंद. चालायला परमिट लागतं, त्या मशीनमधून फुकट निघतं." तो एटीएमपाशी नेतो, कार्ड घालायला लावतो, एखादं बटण स्वतः दाबतो, आणि "परमिटसाठी पिन टाका" म्हणतो. त्याचा जोडीदार शेजारी उभा. मशीन कार्ड 'गिळतं', किंवा तुमच्या हातात तसंच दिसणारं दुसरंच कार्ड येतं. रस्त्यावर चालायला परमिट लागत नाही, कुठेच. पैसे काढायचे तर मॉलमधल्या किंवा बँकेच्या आतल्या मशीनवर, दिवसा. "मदत करू का?" म्हणणारा आला की कॅन्सल दाबून, कार्ड घेऊन निघायचं, उत्तरही द्यायचं नाही.

गांधीजींच्या खुणा बघायला पुष्कळ जण जातात, त्यांच्यासाठी दोन शब्द. जोहान्सबर्गचं कॉन्स्टिट्यूशन हिल, जिथल्या तुरुंगात गांधी आणि मंडेला दोघेही होते, ते हिलब्रो या अवघड वस्तीला लागून आहे. गाडीने फाटकाच्या आत जा, तिथूनच गाडीत बसा. डर्बनजवळचा फिनिक्स आश्रम १९०४ सालचा, पण तो ज्या इनांडा भागात आहे तिथे खुनांचं प्रमाण देशात फार वरचं. स्थानिक गाइड आणि त्याची गाडी असेल तरच, सकाळच्या वेळी. केपटाऊनच्या टेबल माउंटन या डोंगरावर केबल कारने जाणं सोपं. पायवाटेने चढायचं तर चौघं तरी हवेत, आणि उतरताना अंधार व्हायला नको.

बाकी तयारी मुंबईतच करायची आहे. आपली सगळी बँक आता एका मोबाइलमध्ये आणि ओटीपीच्या सिममध्ये आहे, त्यामुळे फोन गेला की पाकीट, चेकबुक आणि सही एकदमच गेली. शक्य असेल तर बँकेची अ‍ॅप आणि भारतातलं सिम जुन्या फोनमध्ये घालून तो तिजोरीत ठेवा, हिंडायला दुसरा. सिमला पिन लावा. आयफोनवर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आणि अँड्रॉइडवर थेफ्ट डिटेक्शन लॉक चालू करा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार आपणहून सुरू करावे लागतात, ते करताना एटीएमची रोजची मर्यादाही खाली आणा. परदेशातल्या पुष्कळ व्यवहारांना ओटीपी लागत नाही, तेव्हा ही मर्यादाच तुमचं कुलूप.

लूट झालीच तर पहिला फोन बँकेला. बँकेला कळवल्यानंतरच्या व्यवहारांचं नुकसान ग्राहकावर येत नाही, हे २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात आहे, म्हणून इथे मिनिटंही मोजायची. मग पोलीस : १०१११, मोबाइलवरून ११२. ठाण्यात जाऊन केस नंबर घेतल्याशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नाही. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय उच्चायोग प्रिटोरियात आहे, वाणिज्य दूतावास जोहान्सबर्ग, डर्बन आणि केपटाऊनमध्ये. पोलिसांचा कागद, पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो दिले की घरी परतण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळू शकतो. फोटोंच्या चार प्रती बॅगेत ठेवा.

आणि हे सगळे नंबर फोनमध्ये नकोत, कागदावर हवेत : बँकेचा +९१ ने सुरू होणारा, विम्याचा, दूतावासाचा, आणि दादर-डोंबिवलीत फोन उचलणाऱ्या कुणा एकाचा. एक प्रत त्याच्याकडे, पासपोर्टच्या फोटोसकट. तुमच्या प्रतीवर नावं इंग्रजीत लिहा, कारण हात थरथरत असताना तो कागद हॉटेलच्या रिसेप्शनवरचं कुणीतरी वाचणार आहे आणि फोन तेच लावून देणार आहे.