रेंज नसताना

मालवणात जून लागला की आधी वीज जाते, मग रेंज. गेल्या पावसात ब्राउझरमध्ये लिहिलेली रापणीवरच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढून करतात त्या मासेमारीवरच्या) कथेची अडीच पानं अशीच बुडाली. आई म्हणाली, "वहीत लिवलेला खंय जातला?" (तिच्या वहीला वाळवी लागली होती, ते सोडा.)

आता गूगल डॉक्समधली ऑफलाइनची सोय मी मे महिन्यातच, नेट धड असताना, चालू करून ठेवतो. मग मजकूर लॅपटॉपवरच साठतो आणि रेंज आली की आपोआप वर चढतो. पण खरी गंमत 'आवृत्ती इतिहास'मध्ये आहे. रागाच्या भरात खोडलेला, त्या कथेतल्या तांडेलाचा (होडीवरच्या म्होरक्याचा) संवाद तीन दिवसांनी तिथून जसाच्या तसा परत काढला. आता तो पहिल्याच पानावर ओरडतो.