तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली जुनी पिकअप उभी करताना आधी काय, नंतर काय

स्वस्तात मिळालेली, पार दमलेली पिकअप घरी आणायची आणि स्वतःच्या हातानं रस्त्यावर काढायची, अशी हौस अनेकांना असते. त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो: "पहिलंच काम आहे, इंजिन आधी उतरवू का?" नका उतरवू. इंजिनाची पाळी फार उशिरा येते, कित्येकदा येतच नाही. आधी कागद, मग चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), मग ब्रेक, त्यानंतर स्टेअरिंग आणि पाटे (एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मग रेडिएटर आणि वायरिंग, मग इंजिन, आणि रंग सगळ्यांत शेवटी. क्रम सोडून आधी सगळं खोललं की नटबोल्ट डब्यात, दरवाजे भिंतीला आणि केबिन विटांवर अशी गाडी वर्षानुवर्षं पडून राहते.

पहिल्या कामाला मेकॅनिकल डिझेल पंपाची गाडी घ्यावी. महिंद्राची २५२३ सीसी डीआय इंजिनाची पिकअप किंवा टाटा २०७ डीआय, दोन्ही चांगल्या. सरळ चेसिस, मागे पाट्यांवर बसलेली एक्सल, आणि सामान तालुक्याच्या दुकानात मिळतं. जुना पण चांगला पार्ट हवा असेल तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. कॉमन रेलची (डिझेलची फवारणी कॉम्प्युटर ठरवतो अशी) गाडी चांगली असते, पण तिला स्कॅनर लागतो आणि तिची नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) घरी तपासता येत नाहीत; ती दुसऱ्या खेपेला. १९८८ साली आलेल्या टाटा मोबाइल २०६चा मोह बऱ्याच जणांना होतो. देखणी गाडी आहे, पण तिच्या केबिनचे पत्रे आणि काचा शोधण्यातच पहिल्या कामाचा उत्साह संपतो.

कागदांत घाई करू नका. चेसिस नंबरवरची घाण कापडानं पुसा, कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. इंजिन नंबरही बघा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात पडतं. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. मालवाहू गाडी ८ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करावी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण करही त्याच वयापासून लागतो, आणि १५ वर्षांपुढे फिटनेसची फी बरीच वाढते. थकलेला कर, चलनं, फिटनेस, विमा, नवी नंबरप्लेट हे सगळं किमतीत धरून मगच भाव करा. आरसी रद्द झालेली गाडी फुकट मिळाली तरी ती फक्त पार्टांसाठीच.

चेसिस पाहायला हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर न्या. हलकं ठोकत गेलं की चांगला पत्रा खणखणतो, सडलेला दबका वाजतो. खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त ठोका. तडे ठरावीक जागी जातात: केबिनच्या मागे हौदा सुरू होतो तिथे, मागच्या पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी आणि स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती. आधी गाडी कशाला वापरली तेही विचारा. कांद्याच्या गाडीवर ओव्हरलोड झालेला असतो, म्हणजे पाटे आणि चेसिस बघायचे. मासळीची गाडी असेल तर मी घेऊ नका म्हणेन. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळत चेसिसच्या पोटात बसतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

विकणाऱ्याकडे पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा, पूर्ण गार झाल्यावर सुरू करायला सांगा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येणं चालतं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. जोर दिल्यावर येणारा काळा धूर बहुधा एअर फिल्टर, नोझल किंवा पंपाचा. मग ऑईल भरायचं झाकण सोडून तोंडावरच उलटं ठेवा. ते किंचित थरथरलं तर हरकत नाही. उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर गेलेत, आणि भाव त्या हिशेबानंच करायचा. जेवढ्याला गाडी घ्याल, साधारण तेवढीच रक्कम कामाला बाजूला हवी. टायरचा खर्च त्यात धरायला लोक विसरतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर उरलेली असली तरी जुना, तडकलेला टायर भरल्या गाडीखाली ठेवू नये.

आता ब्रेक. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण न सुरू होणारी गाडी कुणाला मारत नाही, न थांबणारी मारते. सपाट जागा घ्या, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, गाडी उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. ड्रम एका वेळी एकाच बाजूचा उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा बसतात ते बघायला दुसरी बाजू शाबूत राहते. ब्रेकच्या जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती हवेनं उडवू नका, पाण्यानं भिजवून पुसा.

मागचा लायनर ऑईलनं भिजलेला मिळणं अगदी नेहमीचं. मेकॅनिक एक्सलचं सील बदलतो, लायनर टाकतो, आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. खरं कारण बऱ्याचदा एक्सल हाउसिंगच्या डोक्यावर असतं: बोटाच्या पेराएवढा ब्रीदर, चिखलानं बुजलेला. गाडी चालली की हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती ऑईलला सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकर आरपार गेली पाहिजे. मगच नवं सील बसवा. भिजलेला लायनर धुऊन वापरू नका, आणि लायनर बदलायचे ते दोन्ही बाजूंचे एकदम.

व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर अख्खा बदला. आत खड्डे पडले असतील तर नुसती रबराची किट टिकत नाही. चेसिसवरून जाणारे लोखंडी ब्रेक पाइप क्लिपांपाशी गंजतात. नवा पाइप ब्रेकचाच घ्या, टोकाला दुहेरी फ्लेअर केलेला. फ्रिजचा तांब्याचा पाइप इथे चालत नाही. रबरी होज बाहेरून ठीक दिसले तरी सगळे बदला. ते आतून फुगतात, पायाच्या जोरानं ऑईल पुढे जातं पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. लोक त्यासाठी मास्टर सिलिंडर बदलत बसतात. ब्रेक ऑईल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, नव्या सीलबंद डब्यातलं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या एक्सलला हवा काढायचं एकच निपल असेल तर तिथून.

मग बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा भाग. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरच्या आधी व्हॅक्यूम पंप बघा. या गाड्यांत तो बहुधा डायनमोच्या मागे बसलेला असतो आणि त्याला इंजिनाचंच ऑईल जातं. त्याचं सील गेलं की ऑईल डायनमोत उतरतं, मग चार्जिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम बिघडतात आणि माणूस दोन वेगळे दोष शोधत फिरतो.

स्टेअरिंगसाठी एकानं स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. बॉक्सला दोष देण्याआधी टाय रॉडची टोकं आणि बॉक्सचे बोल्ट तपासा. बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ काढला तर वळणावर स्टेअरिंग अडकू शकतं. पाट्यांत तुटलेलं पान, शॅकलचे बुश आणि सेंटर बोल्ट बघा. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल मागेपुढे सरकते आणि गाडी तिरकी चालते. बसलेले पाटे ठोकून पुन्हा कमान देणारे कारागीर आहेत, पण ती कमान लोडखाली फार दिवस राहत नाही; पानंच बदललेली बरी. यू बोल्ट नवे वापरा.

रेडिएटर काढून बाहेरून आतून साफ करून घ्या, सगळे होज आणि बेल्ट बदला. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय डिझेल इंजिन गारच राहतं, धूर करतं आणि सिलिंडरचे लायनर लवकर झिजवतं. पातेल्यात पाणी तापवून त्यात तो सोडा. त्याच्यावर जो आकडा छापलाय, साधारण ८० अंशांच्या आसपास, तिथे उघडायला लागला तर तो चांगला आहे. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं घाला, बोअरचं पाणी नको.

वायरिंगमध्ये आधी उपटायचं काम आहे: जादा हॉर्न, रंगीत दिवे, टेपच्या वायरी. मग अर्थिंग. इंजिन ते चेसिस पट्टी काढा, दोन्ही टोकांचा रंग-गंज घासा, परत आवळा. सेल्फ (स्टार्टर) मरतोय असं वाटणाऱ्या कितीतरी गाड्या एवढ्यानं उठतात. उभ्या गाडीच्या चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

इंजिनाला हात लावायचा तो इथे. ऑईल, फिल्टर, एअर फिल्टर, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट कंपनीच्या मापानं. डिझेल टाकी उतरवून धुवा. तळाचा गाळ नवा फिल्टर दोन दिवसांत बंद करतो. फिल्टर बदलल्यावर हवा काढायची: फिल्टरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबले की आवळा, मग पंपाचा स्क्रू तसाच, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा. गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. नोझलची धार कातडीत शिरते आणि हात गमावायची वेळ येते. नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर द्या, घरी खोलू नका. यानंतर कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन तसंच राहू द्या. एकच खाली असेल तर हेड उतरवा, व्हॉल्व्ह आणि हेडचं गॅस्केट बघून घ्या. चारही खाली असतील तरच पिस्टन-लायनरचं काम काढा.

गंजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. केबिनच्या तळाला १८ गेज पुरतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि डायनमोचं कनेक्शन काढा. टाके लांब लांब मारत भरत जा, एका दमात ओढलं तर पत्रा वळतो. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि भोकावर तर नकोच. दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. गंज तिथूनच सुरू झालेला असतो.

रंगाआधी गाडी काही दिवस चालवा, आधी रिकामी, मग निम्म्या लोडवर. पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि यू बोल्ट पुन्हा आवळा, ड्रमला हात लावून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथे ब्रेक धरतोय. रंग आरसीवरचाच द्या. बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या, नाहीतर फिटनेसला गाडी परत पाठवतील.