टीव्हीवरच्या मुंग्या

परळच्या घरातला जुना डबा टीव्ही आज भंगारवाल्याला द्यायचा होता. बाबा म्हणाले, "शेवटचा एकदा लावून बघूया." गॅलरीतल्या अँटेनाची वायर खोचली, खर्रर्र आवाज, पडदाभर मुंग्या.

मी त्यांना सांगितलं की या मुंग्यांतला थोडासा भाग थेट विश्वाच्या बालपणातून येतो. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व सुरू झालं, त्यानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला तो उजेड. १९६४ साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनात हीच खरखर आली, तेव्हा त्यांनी आधी कबुतरांची घाण साफ केली! तरी आवाज जाईना.

बाबा दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणारे. बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पण हे सुरू केलं कोणी?"

मला उत्तर देता आलं नाही. 'योगायोग' म्हणावं तर तो घडायला तरी आधी काहीतरी हवं ना? आणि 'देवाने' म्हटलं की माझा पुढचा प्रश्न तयारच असतो. विश्वाला सुरुवात होती ही कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्यांपैकी एक, बेल्जियमचे शास्त्रज्ञ लमेत्र, स्वतः धर्मगुरू होते. पण आपल्या सिद्धांताला त्यांनी देवाचा पुरावा कधी म्हटलं नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

खालून भंगारवाल्याची हाक आली. बाबा म्हणाले, "थांब रे, पाच मिनिटं."