आधीच कळायला हवं होतं

पेटंट अर्जाची सुनावणी व्हिडिओवर होती, तरी मी टेबलावर प्लास्टिक शीटच्या एकाच रोलमधले दोन तुकडे मांडून बसले होते. दोन्ही गोदामात पिवळे पडलेले. त्यातला एक तुकडा दोन दिवस गच्चीत उन्हात ठेवला, तर परत पांढरा झाला. ऊन लागून प्लास्टिक पिवळं पडतं हे आपण घरोघरी बघतो. इथे सगळं उलटंच.

अशिलाचा कारखाना छोटा, माल तीन थरांची पांढरी शीट. वितळवताना प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून मधल्या थरात बीएचटी हे फिनॉल गटातलं अँटिऑक्सिडंट घालायचे. ते हळूहळू वरच्या थरापर्यंत झिरपायचं आणि फोर्कलिफ्टच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी गाठ पडली की पिवळं व्हायचं. हे कळेपर्यंत या मंडळींनी बीएचटी वाढवून पाहिलं होतं. पिवळेपणाही वाढला! मग त्यांनी मधल्या थरातलं बीएचटी काढून तिथे फिनॉल नसलेलं रसायन घातलं. पेटंट मागितलं ते याच्यावर.

पेटंट कार्यालयाच्या साहेबांचा आक्षेप नेहमीचाच, पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए): या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं, म्हणून हा शोध नव्हे. मी म्हटलं, "सर, तुम्हीच आमच्याविरुद्ध दिलेल्या पहिल्या संदर्भात अँटिऑक्सिडंट वाढवा असं लिहिलंय. आम्ही काढलं." हा माझा हुकमाचा पत्ता होता.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "पॉलिथिनच्या पिशवीत पांढरे कपडे पिवळे पडतात, ते याच बीएचटीमुळे ना? कापडवाल्यांकडे त्याची आयएसओ १०५-एक्स१८ चाचणी आहे. तुमच्या जाणकाराने ती का बघू नये?"

कापडाची तयारी मी केलीच नव्हती. सुचलं ते बोलले: तिथे बीएचटी बाहेरून, पिशवीतून कापडावर येतं, इथे ते शीटच्याच पोटात आहे, त्यामुळे संशय आधी वरच्या थरातल्या पांढऱ्या रंगावर जातो. जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा विश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकाल काढला. कारखान्यातली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, ही कसोटी त्यातली. आमची सुधारणा किरकोळ नाही, असं मला म्हणायचं होतं.

"त्यात पेटंट रद्द झालं होतं, मॅडम," साहेब हसून म्हणाले.

लेखी म्हणणं द्यायला पंधरा दिवस. स्क्रीन बंद होते न होते तोच अशिलाचा फोन.

"मॅडम, कपड्यांचं ऐकलं आणि वाटलं, किती साधं होतं हो! आपल्याला आधीच कळायला हवं होतं."

"साहेब," मी म्हटलं, "हे वाक्य पंधरा दिवस कुणापुढेही बोलू नका."