ऊषरा ग्रहाचे हवामान बेतताना

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली, तेव्हा कथानक आधी सुचले आणि ते जिथे घडते तो वाळवंटी ग्रह मागाहून उभा करावा लागला. ग्रहाचे नाव ‘ऊषरा’ ठेवले. परंतु तिथली माणसे मोकळ्या हवेत श्वास घेणार आणि शेती करणार असतील, तर सगळीकडे वाळू पसरून भागत नाही. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भार समुद्रातले सूक्ष्म प्लवक उचलतात. तेव्हा ऊषरेवर प्राणवायू हवा, तर कुठेतरी पाणीही हवेच.

ते कुठे ठेवायचे, याचा विचार करताना मला आमचा बेळगाव जिल्हाच उपयोगी पडला. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरात आषाढात जांभ्या दगडाच्या गडग्यांवर बोटभर शेवाळ चढते आणि चुलीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा ओलेच राहतात. त्याच जिल्ह्यातल्या अथणीकडे गेले, तर काळ्या रानाला पडलेल्या भेगा बुजायला परतीच्या पावसाची वाट पाहावी लागते. वारा तोच आणि ढगही तेच. कोरडेपणा हा बराचसा वाटणीचा प्रश्न आहे, हे सीमाभागात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून ऊषरेवर मी आधी डोंगर उभे केले आणि वाऱ्याचा हिशेब मांडला. समजा, 20 अंशांची दमट हवा चार किलोमीटर उंचीच्या रांगेवर चढते आहे. ढग धरेपर्यंत, म्हणजे पहिल्या किलोमीटरला, ती सुमारे 10 अंशांनी थंड होते. त्यापुढे बाष्पाचे थेंब होताना उष्णता बाहेर पडत असल्यामुळे दर किलोमीटरला साधारण 6 अंशच उतरतात आणि माथ्यावर ती उणे 8 वर पोहोचते. पाऊस आणि बर्फ तिकडेच सांडून ती पलीकडे उतरू लागली, की किलोमीटरमागे पुन्हा 10 अंशांनी तापते आणि पायथ्याशी 32 अंशांची कोरडी हवा होऊन येते. एवढ्या गणिताने माझ्या नकाशावरचे निम्मे वाळवंट आपोआप जागेवर बसले.

उरलेल्या निम्म्यासाठी संपूर्ण ग्रहाच्या अभिसरणाकडे वळलो. विषुववृत्तावर वर गेलेली हवा पृथ्वीवर 30 अक्षांशांच्या आसपास खाली येते, आणि सहारासारखी वाळवंटे त्याच पट्ट्यात सापडतात. ग्रह सावकाश फिरत असेल, तर हा पट्टा ध्रुवांकडे सरकतो. म्हणून ऊषरेचा दिवस मी 30 तासांचा केला.

सर्वांत मोलाची मदत जपानी शास्त्रज्ञ युताका आबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2011 सालच्या अभ्यासाची झाली. थोडेच पाणी असलेल्या ग्रहावर ते ध्रुवांकडे साठते आणि मधला प्रदेश सुकतो, असे त्यांच्या प्रारूपात दिसते. असा ग्रह पृथ्वीच्या सुमारे 170 टक्के सूर्यप्रकाशापर्यंत तग धरू शकतो, तर समुद्रांनी वेढलेला ग्रह 110 टक्क्यांच्या आसपासच हाताबाहेर जातो. बाष्प कमी असले, की उष्णता अवकाशात सहज निसटते. वाळवंटातल्या रात्री गारठतात, त्यामागेही हेच कारण आहे. मी दोन्ही ध्रुवांवर उथळ समुद्र ठेवले आणि त्यांचे पाणी दक्षिणोत्तर वाहून परत येऊ नये, म्हणून भोवती पठारांची कडी घातली.

धुळीकडे दुर्लक्ष करणे शक्यच नव्हते. 1971 मध्ये मरिनर 9 हे अंतराळयान मंगळापाशी पोहोचले, तेव्हा अख्खा ग्रह धुळीने झाकलेला होता. ऊषरेवरही मधल्या पट्ट्यात अशी वादळे उठतात. फक्त ध्रुवांजवळ पाऊस धूळ धुऊन काढतो, म्हणून वस्ती तिथेच आहे.

शेतीचा हंगाम मात्र वळवावर बेतला, आणि हा निर्णय मला सर्वांत जवळचा वाटतो. उन्हाळा सरत आला, की ध्रुवीय समुद्रावरची दमट हवा तापलेल्या पठारावर येते, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि गडगडाटासह तासाभरात पाऊस कोसळून जातो. त्या ओलीवर पेरणी होते. ऊषरेचे तांडे याच काळात निघतात, कारण त्यानंतर वाटेवरची टाकी पुढच्या वळवापर्यंत भरत नाहीत.