इंग्लंडमधील दहनविधी: गावाकडच्या कुटुंबीयांनी काय गृहीत धरावे

आपल्याकडे, यवतमाळ-वाशीमच्या खेड्यांत, सकाळी मयत झाली तर बाहेरगावच्या लेकी पोहोचेपर्यंत वाट पाहिली जाते आणि दिवस मावळण्याच्या आत सरण पेटते. लाकूड कुणाच्या तरी धुऱ्यावरच्या बाभळीचे असते, तिरडी बांधणारी माणसे ठरलेली असतात आणि मृत्यूचा दाखला हा तेरवीनंतरचा विषय असतो. इंग्लंडमध्ये मात्र आधी कागद आणि मग अग्नी, असा क्रम आहे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांपैकी कुणी येथे गेले, की गावाकडून ‘अजून का ठेवले?’ असे विचारणारे फोन सुरू होतात आणि त्या मुलाच्या अंगी समजावून सांगण्याचे त्राण उरलेले नसते.

येथे डॉक्टरांनी लिहिलेले मृत्यूचे कारण दुसरा स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक तपासतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ९ सप्टेंबर २०२४ पासून हे बंधनकारक आहे. त्यानंतर निबंधकाकडे नोंद होते, तेथून दहनाला परवानगी देणारा हिरवा कागद मिळतो आणि मगच दहनगृहाची वेळ पक्की होते. मृत्यू अचानक झाला असेल, किंवा पाहुणे म्हणून आलेल्या माणसाला तपासणारा येथला डॉक्टरच नसेल, तर प्रकरण कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याकडे जाते आणि शवविच्छेदनही होऊ शकते. त्यामुळे दहनाला एक ते तीन आठवडे लागणे येथे सर्वसाधारण आहे. तोवर देह अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाच्या शीतगृहात असतो. या विलंबात हेळसांड नाही, एवढे गावाकडच्यांनी मनाशी धरले तरी निम्मे फोन कमी होतील.

आंघोळ घालणे, नवे कपडे नेसवणे, हळदकुंकू लावणे हे सारे त्या व्यावसायिकाच्या जागेत घरच्यांना करता येते. मात्र ते आधी सांगून ठेवावे लागते. तिरडीऐवजी लाकडी पेटी असते आणि ती देहाबरोबरच जळते. तुळशीपत्र, गंगाजल, थोडे चंदन यांना सहसा हरकत घेत नाहीत. काच, धातूच्या वस्तू, मोबाईल चालत नाहीत. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर तो काढावाच लागतो, कारण त्यातील बॅटरीचा उष्णतेने स्फोट होतो.

दहनगृहातील सभागृह साधारण अर्धा ते पाऊण तास मिळते. मंत्र, भजन, अखेरचे दर्शन त्यातच आटोपावे लागते, कारण बाहेर पुढचे कुटुंब उभे असते. शेवटी पडदा ओढला जातो आणि कुणालाही ज्वाळा दिसत नाही. भट्टीपर्यंत जाऊन पेटी आत सरकताना पाहण्याची परवानगी अनेक ठिकाणी मोजक्या नातेवाइकांना मिळते, आणि भट्टीची कळ मुलाला किंवा मुलीला दाबू देतात. ही परवानगी अवश्य मागावी, असे माझे मत आहे. ज्याने आयुष्यभर चितेला अग्नी दिलेला पाहिला, त्याला पडद्यामागे काय झाले याची खात्री पटत नाही. भट्टीत ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णता असते, एका वेळी एकच देह ठेवला जातो आणि दहनाला सुमारे दीड तास लागतो. कवटी फुटेपर्यंत थांबण्याची आपली रीत येथे पाळता येत नाही.

चितेवरच दहन हवे म्हणून इंग्लंडमधलेच एक हिंदू गृहस्थ दवेंदर घई यांनी न्यायालयात लढा दिला होता. भिंती असलेल्या आणि छताला उघडीप ठेवलेल्या वास्तूत चिता रचणे १९०२ च्या दहन कायद्यात बसू शकते, असा निकाल अपील न्यायालयाने २०१० मध्ये दिला; तरी सामान्य कुटुंबापुढे आजही भट्टीचाच मार्ग आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्याच ब्रायटन शहराच्या इस्पितळांत मरण पावलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांना मात्र जवळच्या टेकडीवर उघड्या चितेवर अग्नी दिला गेला होता. तेथे १९२१ मध्ये उभारलेली स्मारक-छत्री अजून आहे.

अस्थींबाबत घरच्या बायांना आधीच सांगावे. तिसऱ्या दिवशी राख सावडून अस्थी वेचणे येथे नाही. उरलेली हाडे थंड झाल्यावर धातू वेगळा काढून यंत्रात दळली जातात, आणि दोन-तीन किलो राखाडी भुकटी डब्यात भरून मिळते. कौंडण्यपूरला वर्धा नदीत विसर्जन करायचे असेल तर दहनाचे प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला आणि भारतीय उच्चायुक्तालयाचा कागद सोबत ठेवून डबा हातातल्या सामानातून न्यावा. तांब्याचा कलश गावी पोहोचल्यावर घ्यावा, कारण विमानतळाच्या तपासणी यंत्राला धातूच्या आतले दिसत नाही.

देहच गावी न्यायचा असेल तर रासायनिक प्रक्रिया, जस्ताचा पत्रा लावलेली पेटी, कॉरोनरची परवानगी आणि उच्चायुक्तालयाचे ना हरकत पत्र लागते. नागपूरपासून पुढचा रस्ता वेगळाच. म्हणून प्रवासविम्यात देह मायदेशी पाठवण्याचा खर्च धरला आहे का, हे तिकीट काढतानाच पाहावे. गावात जोडीदार मागे असेल आणि तोंड पाहण्याची इच्छा असेल, तर हा खटाटोप योग्यच आहे. अन्यथा येथेच दहन करून अस्थी नेणे मला बरे वाटते. एक गोष्ट मात्र दोन्हीकडच्यांनी पहिल्याच फोनवर ठरवावी: तेरवी मृत्यूच्या दिवसापासून धरायची की दहनाच्या. गावचे महाराज एक सांगतात, इकडचे गुरुजी दुसरे, आणि तोवर तिकडे पत्रिका छापून झालेल्या असतात.